नणंद-भावजय, एकाच फ्रेममध्ये

माझ्या सासूबाई आणि त्यांची नणंद, म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या, यांच्यातला अबोला माझ्या लग्नापासून सुरू झाला. त्यामुळे तो किती जुना हे कुणाला आठवायचं असलं की माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "हिच्या लग्नाला किती वर्षं झाली?" जणू मी नवऱ्याशी नाही, त्या अबोल्याशीच लग्न करून या घरात आले.

कारण असं. कार्यालयात वरपक्षाला एक खोली देतात आणि त्या खोलीत दागिने, पाकिटं, साड्या, नारळ अशा सगळ्या पिशव्या ठेवतात. पिशव्यांपाशी एक भरवशाचं माणूस बसवावं लागतं. ज्याला बसवतात त्याचा तो मोठा मान असतो, असं बसवणारे सांगतात. आमच्या लग्नात तो मान आत्याला मिळाला. ती नवीन पैठणी नेसून, नथ घालून, गुडघ्याशी पिशव्या घेऊन पंख्याखाली बसली होती, आणि तिकडे स्टेजवर घरच्यांचा ग्रुप फोटो चालला होता. फोटोग्राफरने विचारलं, "सगळे आले का?" सासूबाई म्हणाल्या, "आले सगळे. काढा."

हे आत्याला कधी कळलंही नसतं. पण लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर आला आणि त्यात आवाज अगदी स्पष्ट होता. आत्याने तो भाग मागे-पुढे करून पाहिला. फोटोत नवऱ्याच्या ऑफिसातला एक मनुष्य होता ज्याला आम्ही कुणीच ओळखत नाही. केटररचा मॅनेजर होता. आत्या नव्हती. तिने भावाला फोन केला आणि सांगितलं, "दादा, आता तुझ्या घराची पायरी चढणार नाय."

आत्याचं माहेर मुंबईकडचं, पण सुकापूरला, इथल्या मूळच्या घरात दिली आणि बोलण्यानेही तिथलीच झाली. आमचा फ्लॅट पनवेलच्या खांदा कॉलनीत. मध्ये एका रिक्षेचं अंतर. तेवढ्या अंतरात या दोघींनी जे काही चालवलं होतं ते बघून मला अबोला या गोष्टीबद्दल आदरच वाटू लागला. भांडण कुणालाही जमतं. अबोल्याला नियोजन लागतं. फॅमिली ग्रुपवर सासूबाईंनी नारळाच्या वड्यांचा फोटो टाकला की आत्या त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या मेसेजला अंगठा द्यायची, वड्यांना नाही. गणपतीत ती दर्शन व्हिडिओ कॉलवर घ्यायची. बाबा, म्हणजे माझे सासरे, फोन हातात धरून मूर्तीकडे जायचे आणि पलीकडून सूचना यायच्या, "दादा, जरा डावीकडे धर. मधे कुणाला आणू नको." मधे अर्थातच सासूबाई असायच्या, आरतीचं तबक घेऊन, आणि मुद्दाम हलायच्या नाहीत. बाबांचा हात अवघडून जायचा. बिचारे गणपतीला देव म्हणून कमी आणि आडोसा म्हणून जास्त वापरायचे.

बाबांचं काम निरोप्याचं. बायकोचा टोमणा बहिणीपर्यंत पोचेस्तोवर ते त्याची धार काढून टाकत, आणि बहिणीचा टोमणा इकडे आणताना त्याची चौकशी करून टाकत. "तिने तुझ्या तब्येतीचं विचारलंय," असं ते सांगत. सासूबाई म्हणत, "विचारलं असेल, आहे का अजून म्हणून."

तर अशातच मी फोटोग्राफीच्या नादाला लागले होते. घरून काम करताना माणसाला काहीतरी खूळ लागतंच. आधी मी झुंबा केला, मग मातीची भांडी केली, मग एक जुना कॅमेरा विकत घेतला. त्यात मल्टिपल एक्स्पोजर नावाची सोय निघाली. म्हणजे एकाच फ्रेमवर एकाहून जास्त वेळा फोटो घ्यायचा. आधीचा पुसला जात नाही, नवा त्याच्यावर येऊन बसतो. हे उजेडात केलं तर नुसती खिचडी होते. मी पहिला प्रयोग नवऱ्यावर केला तेव्हा त्याच्या पोटातून आमचं वॉशिंग मशीन दिसत होतं. त्याला तो फोटो फार आवडला, कारण म्हणे त्यात तो काम करताना दिसतो.

मग कळलं की यातली खरी गंमत अंधारात आहे. खोली काळीकुट्ट करायची. मागे काळं कापड लावायचं. मी सासूबाईंची संक्रांतीची काळी साडी लावली, विचारून. मग चेहऱ्यावर फक्त बॅटरीचा मऊ उजेड टाकायचा, बॅटरीवर आकाशकंदिलाचा उरलेला कागद गुंडाळून. ज्याच्यावर उजेड पडतो तेवढंच कॅमेरा घेतो. जे अंधारात आहे ते त्याच्या लेखी नाहीच. ती जागा पुढच्या माणसासाठी रिकामी राहते. म्हणून सोफ्याच्या एका टोकाला माणूस बसवून त्याच्यावर उजेड टाकला, मग अंधार केला, त्याला दुसऱ्या टोकाला बसवलं आणि पुन्हा उजेड टाकला, की एकाच फोटोत तोच माणूस स्वतःच्या शेजारी बसलेला दिसतो. कॅमेरा तेवढा केसभरही हलता कामा नये. हे जमायला मला बरेच रविवार लागले. नाकं दुप्पट झाली, कान गालावर उगवले, नवऱ्याच्या कपाळावर त्याचीच हनुवटी आली. शेजारच्या काकू एकदा साखर मागायला आल्या आणि भर दुपारी खिडक्यांना चादरी लावून सून नवऱ्याच्या तोंडावर बॅटरी मारतेय हे बघून साखर न घेताच गेल्या.

जमायला लागलं तेव्हा मी सासूबाईंना म्हटलं, तुमच्या तिघी करते. एक पोथी वाचणारी, एक भाजी निवडणारी, एक टीव्ही बघणारी.

"तिघांचा फोटो काढू नये," त्या म्हणाल्या. "मधला जातो."

"आई, पण तिन्ही तुम्हीच आहात."

"मग मधली मी गेले की कडेच्या दोघींचं कोण करणार? तू?"

तीन माणसांचा फोटो काढायचा नाही ही गोष्ट आमच्या घरात गॅस बंद करून झोपण्याइतकी पक्की आहे. तिघं जमली तर चौथं कुणीतरी ओढून आणतात. आमच्या जुन्या अल्बममध्ये कितीतरी फोटोंत तिघांच्या मांडीवर एक उशी आहे, चौथा माणूस म्हणून.

आणि मग बाबांच्या छातीत दुखलं. बागेत फेऱ्या मारताना दुखलं, बाकावर बसले, बरं वाटलं म्हणून येताना केळी घेऊन आले आणि केळी ओट्यावर ठेवताना सहज सांगितलं. पुढच्या तपासण्यांत डॉक्टर म्हणाले, बायपास करावी लागेल. तारीख ठरली. घरात सगळे एकदम हळू आवाजात बोलायला लागले, एक बाबा सोडून.

एका संध्याकाळी ते माझ्या टेबलापाशी आले. मी लॅपटॉप मिटला. ते उभेच राहिले.

"तुझं ते मशीन आहे ना, वेगवेगळ्या वेळची माणसं एका फोटोत घालायचं," ते म्हणाले, "त्यात या दोघींना घाल. तुझी आई आणि माझी बहीण. एका सोफ्यावर."

"बाबा, त्या यायच्या नाहीत."

"एका वेळी नाहीत येणार. पण तुझ्यात एका वेळी यावं लागतच नाही ना?" मग म्हणाले, "दवाखान्यात नेईन मी तो. तसं काही झालंच तर निदान एकदा तरी त्यांना शेजारी बघून जाईन."

मी त्यांच्यावर ओरडले. असलं काही बोलायचं नाही म्हटलं. पण ते बोलून गेले होते आणि मला रात्री त्याचंच वाटत राहिलं. आजवर घरात सगळ्यांनी त्या अबोल्याची मजा घेतली होती, मी सर्वांत जास्त. बाबांना तो इतका टोचत होता हे मला खरंच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मोहिमेला लागले. सासूबाई म्हणाल्या, "मी त्यांच्या शेजारी बसणार नाही."

"बसायचं नाहीच आहे, आई. फक्त दिसायचंय."

त्यांनी जरा विचार केला. "त्या डावीकडे आणि मी उजवीकडे," असं म्हणून त्या गेल्या. म्हणजे हो.

आत्याकडे सुकापूरला गेले. ती अंगणात बसून करंजा बंदरावरून आलेला सुका जवळा, ती बारीक कोळंबी, निवडत होती. ऐकून घेतलं, जवळा पाखडला, आणि म्हणाली, "मी तिचं तोंड बघणार नाय."

"अंधार असेल, आत्या."

"अंधाराची मला भीती वाटते."

"बॅटरी असेल."

"आणि मी बोलले हाय, पायरी चढणार नाय म्हणून."

"आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे. खाली स्कूटर चढवायला उतार पण केलाय."

आत्या बराच वेळ जवळ्यातला कचरा बोटाने बाजूला सारत बसली. मग म्हणाली, "दादाला बोल, रविवारी येते. जेवणार नाय मात्र."

रविवारी दुपारी मी हॉलच्या खिडक्यांना चादरी लावल्या, दाराच्या फटीत टॉवेल कोंबले, वायफायच्या डब्यावरच्या दिव्यालाही चिकटपट्टी लावली. सोफ्यावर गडद चादर, मागे काळी साडी. सासूबाई बेडरूममध्ये, दार लावून. नवरा पॅसेजमध्ये पहाऱ्यावर. सीमेवरच्या जवानाला जेवढं गांभीर्य नसेल तेवढं त्याच्या तोंडावर होतं. आत्या आली. उतारावरून आली, लिफ्टने आली, आणि दारात मात्र अशी थांबली की मला वाटलं आता मागे फिरते. आमच्या उंबऱ्याकडे बघत होती. तिथे रांगोळीची बारीक रेघ होती. आज एकादशी नाही, सण नाही. रांगोळी काढताना मी कुणाला पाहिलं नव्हतं, पण आमच्या घरात ती फक्त सासूबाईच काढतात. आत्या रांगोळीवर पाय न देता, साडी उचलून आत आली.

अंधार केला. आत्याने सोफ्याचा हात घट्ट धरला. "दादा, तू कुठे हायेस? इथे बस."

बाबा जाऊन सोफ्याच्या मध्ये बसले. फोटोत फक्त दोघीच असणार असं ठरलं होतं, पण अंधारात मला ते नीट दिसलं नाही, आणि दिसलं तेव्हा मी बॅटरीचा उजेड टाकून मोकळी झाले होते. उजेडाची कड बाबांच्या चेहऱ्यावर पडली होती. आता ते अर्धे फोटोत आले होते.

"बाबा, उठू नका," मी म्हटलं. "आता आलात ते आलात. पुढच्या वेळीही असेच बसून रहा, नाहीतर भूत दिसाल."

आत्या तेवढ्यात हुंगत म्हणाली, "आमटीत हिंग अजून तेवढाच टाकतात वाटतं."

बेडरूमच्या दारामागून आवाज आला, नवऱ्याला उद्देशून, "त्यांना म्हणावं, जेवायचं नाहीये ना? मग हिंगाशी काय देणंघेणं?"

नवऱ्याने हे भाषांतर न करता गिळलं. मी आत्याला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. मग सासूबाई आल्या. सोफ्याच्या उजव्या टोकाला बसल्या, बसता बसता डाव्या टोकाची चादर हाताने सारखी केली, अंधारात. मी बॅटरी मारली. क्लिक. संपलं.

बाबा म्हणाले, "मोठा करून दाखव. टीव्हीवर." त्यांचा उत्साह असा की नाही म्हणवेना. मी कॅमेरा टीव्हीला जोडला. आत्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, सासूबाई बेडरूमच्या दारात. दोघी टीव्हीकडे बघत होत्या आणि मधली सगळी हवा टाळत होत्या.

फोटो आला.

मी आजवर काढलेल्या फोटोंत तो सर्वांत सुंदर होता, हे मी आधी सांगून टाकते. काळ्याभोर अंधारात डावीकडे आत्या, उजवीकडे सासूबाई, दोघींच्या चेहऱ्यावर मधासारखा उजेड. दोघींच्या नाकातल्या चमक्यासुद्धा लुकलुकत होत्या. आणि मध्ये बाबा. बाबांना मी हलू नका म्हटलं होतं आणि ते खरंच जागचे हलले नव्हते, पण बहीण बसली होती तेव्हा बहिणीकडे मान वळवून बसले होते आणि बायको आली तेव्हा बायकोकडे. त्यामुळे त्यांना दोन तोंडं आली होती. एक डावीकडे बघणारं, एक उजवीकडे, दोन्ही विरळ, एकात एक मिसळलेली. अंगात गडद निळा शर्ट होता, त्याने उजेड घेतलाच नव्हता. मानेखाली छातीच्या जागी नुसता काळोख.



"तिघं," सासूबाई म्हणाल्या.

"आणि दादा मधे," आत्या म्हणाली. मग तिचा आवाज एकदम चढला. "वहिनी, तुला कळत नाय? ऑपरेशन तोंडावर आलंय नि नवऱ्याला मधे बसवून फोटो काढतेस?"

"मी बसवलं?" सासूबाई पॅसेजमधून दोन पावलं पुढे आल्या. "वन्सं, अंधाराला तुम्ही घाबरलात! 'दादा, इथे बस' कोण म्हणालं? दाराआडून ऐकलंय मी."

"मग तू उठवायचंस! डोळे नायत तुला?"

"अंधारात? अंधारात दिसतं मला? मांजर आहे मी?"

नवऱ्याने माझा हात धरला. आम्ही दोघं भिंतीला चिकटून उभे होतो. कितीतरी वर्षांनी त्या दोघी एकमेकींशी बोलत होत्या, आणि पहिल्याच वाक्याला सगळ्या पनवेलला ऐकू जाईल अशा आवाजात.

मग गाडी हिंगावरून वड्यांवर, वड्यांवरून गणपतीवर, आणि गणपतीवरून शेवटी यायची तशी पिशव्यांवर आली. आत्याचे डोळे भरले. "तुमच्या पिशव्या राखत बसले मी. नवी पैठणी नेसून. कुणी बोलवायला येईल म्हणून दाराकडे बघत बसले. नि तू बोललीस, आले सगळे."

सासूबाई आणखी एक पाऊल पुढे आल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही पिशव्यांपाशी होतात म्हणून तर मी निवांत होते. दुसरं कुणी असतं तर त्या फोटोतही माझा जीव खाली खोलीत असता. तुमच्यावर सोडलं की मी विसरते, वन्सं. पिशव्याही विसरते आणि तुम्हालाही. वाईट आहे हे. पण आहे."

"मग हे तेव्हा बोलायचंस ना!"

"तुम्ही फोन उचललात कधी?"

"तू केलास कधी?"

"मी कशाला करू? मोठी मी आहे!"

हे सगळं चाललं असताना बाबा सोफ्यावर बसून होते. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते गालातल्या गालात हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. ते आधी आत्याला दिसलं की सासूबाईंना, सांगता येणार नाही, कारण दोघी एकदम त्यांच्याकडे धावल्या. एक पाणी आण म्हणाली, दुसरी पंखा लाव म्हणाली, आणि दोघी मिळून त्यांना रागावल्या की तब्येत बघून रडता येत नाही का.

त्यानंतर माझ्यावर घसरल्या. तो फोटो आत्ताच्या आत्ता पुसून टाक. मी म्हटलं, कला आहे, राहू दे, कुणाला दाखवत नाही. दोघी माझ्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. मी फोटो डिलीट केला. "अजून कुठे राहतो का तो?" सासूबाईंनी विचारलं. "मोबाईलात कचऱ्याचा डबा असतो, त्यात राहतो," आत्या म्हणाली, "आमच्या पोराचं बघितलंय मी." कॅमेऱ्यात तसला डबा नसतो हे पटवायला मला आईची शपथ घ्यावी लागली. माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली फ्रेम अशा रीतीने गेली. आता मी तिचं वर्णन करते तेव्हा फोटोग्राफीच्या ग्रुपातले लोक मान हलवतात आणि विश्वास ठेवत नाहीत.

मग चादरी काढल्या, ट्यूब लावली, नवऱ्याला आणि मला ओढलं आणि टायमर लावून पाच जणांचा साधा फोटो काढला. त्यात माझे डोळे मिटलेत, नवऱ्याचा अर्धा कान कापला गेलाय, ट्यूबचा पांढराफटक उजेड बाबांच्या टकलावर आणि सगळ्यांच्या कपाळावर पडलाय. कुठल्याही स्पर्धेत तो दारातून परत पाठवतील. बाबांनी तो लगेच फोनवर घेतला. आत्या जेवली. हिंग जास्त झालाय असं सांगत दोनदा आमटी घेतली.

पुढच्या दिवसांत घराची शांतता गेली ती गेलीच. दोघींचे फोन सुरू झाले. फोनवर काय चालायचं तर भांडण. दवाखान्यात डबा कोण नेणार, कुठल्या देवाला काय बोलायचं, पथ्याच्या भाजीत मीठ किती. सासूबाई स्पीकरवर टाकून भांडायच्या, कारण हात कणकेत असायचे. नवरा मला हळूच म्हणाला, "अबोला होता तेव्हा घर कसं बरं होतं." बाबा मात्र निरोप्याच्या कामावरून निवृत्त झाल्यासारखे आरामखुर्चीत पाय पसरून बसून ऐकायचे.

ऑपरेशन झालं. सकाळपासून दुपारपर्यंत आम्ही बाहेर बसलो होतो आणि तेवढा वेळ त्या दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. मला धसका बसला. मी सासूबाईंच्या कानाशी जाऊन विचारलं, "पुन्हा काही झालं का?" त्यांनी नाही अशी मान हलवली. मग खाली बघितलं तर आत्याने त्यांच्या पदराचं टोक घट्ट धरलं होतं आणि सासूबाई तो पदर सोडवून घेत नव्हत्या. डॉक्टर बाहेर येऊन सगळं नीट झालं म्हणाले तेव्हा दोघी आधी रडल्या आणि मग लगेच, नवस कुणाच्या देवाने ऐकला यावरून सुरू झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अतिदक्षता विभागाच्या दारात नर्स आली. "पेशंटला भेटायला एकालाच सोडणार. जवळचं कोण आहे?"

दोघी एकदम उठल्या.

"या जातील," सासूबाई आत्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "सख्खी बहीण आहे त्यांची."

"नाय, नाय, वहिनी जाईल. बायको हाय ती."

"वन्सं, तुम्ही जा. तुम्हाला रात्रभर झोप नाही."

"तुला होती काय झोप? तू जा."

"मी नंतर जाईन म्हणतेय ना!"

"नंतर सोडतायत काय? ऐकत नायस कुणाचं!"

एवढी वर्षं मी या दोघींना एकमेकींना वगळताना बघितलं होतं. आता त्या एकमेकींना पुढे ढकलत होत्या आणि त्यातही कुणी हरायला तयार नव्हतं. नर्सच्या चेहऱ्यावर मात्र फक्त कंटाळा होता. तिने घड्याळ बघितलं, माझ्या हातात हिरवा गाऊन दिला आणि म्हणाली, "तुम्ही चला."

आत बाबा नळ्यांमध्ये पडले होते. ओठ कोरडे, चेहरा बारीक झालेला. मी त्यांचा हात धरला तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या मागे बघितलं. दारापाशी कुणी आहे का ते शोधत होते.

"दोघी बाहेर आहेत, बाबा," मी म्हटलं. "तू आधी जा, तू आधी जा म्हणून भांडतायत."

त्यांनी डोळे मिटले. त्यांचा आवाज एकदम बारीक होता, मला वाकावं लागलं.

"भांडू दे," ते म्हणाले.